पुढचा ब्रेक धरला की हँडल थरथरतं, नवी डिस्क टाकूनही तीन महिन्यांत परत तेच

मिठागरकाठ
नमस्कार मंडळी. गाडी १५० सीसी, २०१९ ची. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला. ४१ हजार किलोमीटर झाले. रोजचा रस्ता भांडुप पूर्व ते अंधेरी, जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड).

त्रास असा आहे. ताशी ५५-६० ला असताना पुढचा ब्रेक हलकेच धरला की लिव्हर बोटांखाली आत-बाहेर होतो आणि हँडल थरथरायला लागतं. गाडी हळू होत जाते तशी थरथरही संथ होते. १५-२० ला आल्यावर तर एकेक धक्का मोजता येतो. मागचा ब्रेक एकटा दाबला तर काहीही होत नाही. ब्रेक न धरता गाडी सरळ सोडली तर हँडल अगदी शांत.

पहिल्यांदा हे जानेवारीत झालं. जुन्नरहून परत येताना माळशेज घाट उतरलो. मागे बायको, दोन बॅगा, आणि पुढे ट्रकची रांग. पायथ्याशी रस्ता बराच वेळ अडला होता, तेव्हा उतारावर ब्रेक दाबून धरून उभा होतो. मुरबाड सोडलं आणि थरथर सुरू झाली. गॅरेजमध्ये चाक फिरवून बघितलं आणि डिस्क वाकली म्हणून सांगितलं. नवी डिस्क, नवे पॅड, मजुरी धरून साडेतीन हजार गेले. गाडी मस्त थांबायला लागली. एप्रिल संपता संपता, जेमतेम २८०० किलोमीटरवर, परत तीच थरथर. आता तेच गॅरेज म्हणतं, डिस्क पुन्हा वाकली, पुन्हा बदला. यावेळी मी घाटात गेलोच नाही, मग वाकेल कशाने?

परवा पवईच्या उतारावर बायकोने माझा खांदा घट्ट धरला. घरी उतरल्यावर म्हणाली, हे नीट होईपर्यंत मी मागे बसणार नाही. तिचं बरोबर आहे. ती आता कांजूरमार्गहून लोकलने जाते. पाऊस तोंडावर आलाय आणि ओल्या रस्त्यावर असा ब्रेक घेऊन फिरायची मला भीती वाटते. कुणाला असा अनुभव आहे का?

पहाटस्वार
ब्रेक ऑइल बदलून ब्रेकच्या नळीतली हवा काढून घ्या आधी. माझ्या गाडीचा लिव्हर स्पंजासारखा झाला होता, ऑइल बदलल्यावर एकदम कडक झाला.

रानवाट
कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) बघा. माझ्या गाडीला ब्रेक मारला की हँडलमध्ये कटकट व्हायची. त्यातले बॉल रेसर बदलल्यावर गेली. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यांनी कोनसेटची पार वाट लागते.

टूलरूमकाका
मी ३१ वर्षं वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला (हत्यारं-साचे बनवणाऱ्या विभागात) होतो, आता निवृत्त आहे. मोजमाप हेच काम होतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. कृपया घाई करून डिस्क घेऊ नका.

आधी थरथर कुठून येते ते ठरवू. तुमच्या चाकाचा परीघ साधारण १.८५ मीटर असेल. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला नऊ वेळा फिरतं. ताशी ३० ला साडेचार वेळा. तुमचे धक्के वेगाबरोबर संथ होतात आणि शेवटी मोजता येतात, म्हणजे ते चाकाच्या फेऱ्याला बांधलेले आहेत. जे दर फेऱ्याला एकदा येतं ते चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूतच असतं: डिस्क, रिम, टायर, व्हील बेअरिंग. कोनसेट चाकाबरोबर फिरत नाही. तो सैल असेल तर ब्रेक धरताक्षणी एक 'टक्' येतो, किंवा आधीच असलेली थरथर दुप्पट वाटते. मूळ कारण तो नाही. तरी तपासून घ्या. पुढचं चाक उचलून दोन्ही फोर्क (चाक धरणारे दांडे) खालून धरा आणि पुढे-मागे हलवा. खेळ लागता कामा नये.

ब्रेक न धरता हँडल शांत आहे, म्हणून रिम आणि टायरवरचा संशयही कमी होतो.

आता लिव्हर. ही तुमच्या वर्णनातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. तुमचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा पंजा) पिनांवर सरकणारा आहे. डिस्क थोडी डावी-उजवीकडे डुलत असेल तर कॅलिपर तिच्याबरोबर सरकतो आणि लिव्हरला फारसं कळत नाही. पण डिस्कची जाडीच जागोजागी कमी-जास्त असेल, तर जाड भाग आला की पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलला जातो, ऑइल उलट लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरकडे येतं आणि बोटांना ठोका लागतो. पातळ भाग आला की लिव्हर आत जातो. यासाठी फरक फार लागत नाही. दोन-तीन शतांश मिलिमीटरही हाताला जाणवतात, आणि एवढं डोळ्यांनी दिसत नाही. चाक फिरवून, बघून 'वाकली' म्हणणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

टूलरूमकाका
@पहाटस्वार, ऑइल वेळेवर बदलायलाच हवं, पण त्याने ही थरथर जाणार नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषलेल्याची हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. मग घाटात ऑइलची वाफ होते आणि लिव्हर थेट ग्रिपला टेकतो. मुंबईच्या दमट हवेत दर दोन वर्षांनी बदला. पण जुन्या ऑइलने लिव्हर मऊ होतो, चाकाच्या तालावर ठोके देत नाही.

निळाधूर
काका, एबीएसमुळे असू शकेल का? माझ्या गाडीचा लिव्हरही कधीकधी थरथरतो.

टूलरूमकाका
चांगला प्रश्न. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे बऱ्याच जणांना हा अनुभव नवा आहे. एबीएसचे ठोके जलद, कडक असतात आणि चाक घसरायला लागलं तरच येतात: जोरात दाबल्यावर, वाळूवर, ओल्या पेव्हर ब्लॉकवर. इथे तर कोरड्या रस्त्यावर हलक्या ब्रेकला होतंय. मात्र चाकाजवळच्या सेन्सरच्या दातेरी रिंगवर चिखल बसला असेल किंवा दात वाकला असेल, तर एबीएस उगाच काम करायला लागतं. रिंग पुसून एकदा नीट बघा.

दहिसरकरीण
थोडं विषयांतर करते, रागावू नका. माझी ११० ची स्कूटर आहे, दोन्हीकडे ड्रम. मागचा ब्रेक धरला की सीटखाली हुंदके दिल्यासारखं होतं, पकडते-सोडते, पकडते-सोडते. लायनर (ड्रमच्या आत घासणारे ब्रेकचे तुकडे) नवीन टाकून झाले. मुलाला रोज शाळेत सोडायला जाते, म्हणून काळजी वाटते.

टूलरूमकाका
ताई, विषयांतर मुळीच नाही, रोग तोच आहे. ड्रम गोल राहिलेला नाही. दर फेऱ्याला उंच भागाशी लायनर पकडतो आणि खोलगट भागाशी सोडतो. ड्रमच्या आत कमाल व्यास कोरलेला असतो. १३० मिमीच्या ड्रमला सहसा १३१ ची मर्यादा असते. तेवढी जागा शिल्लक असेल तर चांगल्या लेथवाल्याकडून हलका कट घेऊन ड्रम गोल करून घ्या. चाक त्याच्या स्वतःच्या बेअरिंगच्या मध्यावर धरूनच कट घ्यायला सांगा, नाहीतर कट घेतलेला ड्रमही वेडावाकडाच निघेल. मर्यादा ओलांडली असेल तर मात्र हब (चाकाचा मधला भाग) बदला. आणि उघडल्यावर आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसायला सांगा.

रानवाट
मग डिस्कही लेथवर घासून घेता येईल ना? आमच्याकडे एक जण करून देतो.

टूलरूमकाका
मोटरसायकलची डिस्क नको. नवी डिस्क ४ मिमी असते आणि किमान जाडी बऱ्याचदा ३.५ असते, तीही डिस्कवरच कोरलेली असते. हातात असतो जेमतेम अर्धा मिलिमीटर. इतकी पातळ चकती लेथमध्ये धरली की पकडीनेच वाकते, टूल लागलं की थरथरते. निघते ती आणखी वाईट.

मिठागरकाठ, तुम्ही भांडुपला, मी मुलुंड पूर्वेला. माझ्याकडे डुलणं मोजायला डायल गेज आहे, जाडी मोजायला मायक्रोमीटर आहे. रविवारी सकाळी गाडी घेऊन या. आणि काढलेली जुनी डिस्क टाकली नसेल तर तीही आणा.

मिठागरकाठ
काका, मनापासून आभार. जुनी डिस्क गॅरेजने परत दिली होती, माळ्यावर आहे. येतो.

मिठागरकाठ
आज काकांकडे चार तास होतो. जे बघितलं ते सगळं सांगतो, कारण माझ्यासारखे पैसे आणखी कुणाचे जाऊ नयेत.

इंजिनखाली लाकडी ठोकळे लावून पुढचं चाक उचललं. आधी कोनसेट बघितला. किंचित खेळ होता, तो आवळला. व्हील बेअरिंग ठीक निघालं. मग डायल गेज. त्याचा स्टँड लोहचुंबकाचा असतो आणि फोर्कचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा, तिथे तो चिकटेना. काकांनी एक लोखंडी पट्टी दोन होज क्लिपांनी फोर्कला आवळली आणि त्यावर स्टँड बसवला. गेजची सुई डिस्कच्या बाहेरच्या कडेजवळ टेकवली आणि मला म्हणाले, चाक हळूहळू फिरव, सुईवरून डोळा काढू नकोस.

सुई शून्यावरून निघाली, चढत चढत ०.३४ मिमीला गेली आणि परत खाली आली. एका फेऱ्यात एकदा. बऱ्याच गाड्यांना ०.३ च्या आसपास मर्यादा असते असं काका म्हणाले, आणि नवीन डिस्क नीट बसवली असेल तर ०.१ च्या आतबाहेर यायला हवं. सुई जिथे सर्वात वर गेली तिथे मार्करने खूण केली.

मग मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजली. सर्वात जाड ३.९७, सर्वात पातळ ३.९३. आणि पातळ जागा कुठे? बरोबर मार्करच्या खुणेपाशी. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे.

कॅलिपर उतरवला. खालची पिन हाताने हलेचना. रबरी बूट फाटला होता, आत पाणी जाऊन ग्रीसचा काळा चिकट गोळा झाला होता. पिस्टनच्या बाजूचा पॅड दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त झिजलेला. म्हणजे डिस्क डुलत होती आणि कॅलिपरला तिच्याबरोबर सरकता येत नव्हतं. ब्रेक सोडलेला असतानाही डिस्कचा उंच भाग दर फेऱ्याला त्या पॅडला घासून जायचा. सेकंदाला नऊ वेळा, असे २८०० किलोमीटर. तिथेच ती पातळ झाली. म्हणून नवी डिस्क टाकल्यावर तीन महिने सुखाचे गेले, आणि मग थरथर हळूहळू परत आली.

निळाधूर
पण नवी डिस्क ०.३४ डुलत का होती? खराब निघाली?

मिठागरकाठ
तेच सांगतो. डिस्कचे पाच बोल्ट काढले. थ्रेड लॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक) लावलेले असतात म्हणून काकांनी हीट गनने आधी गरम केले, नाहीतर ॲलन की फिरून बोल्टचं डोकं खराब होतं. डिस्क उचलली. खाली हबवर, जिथे ती टेकते त्या बैठकीवर, दोन बोल्टांच्या भोवती पांढरी पापडी. नखाने निघेना इतकी टणक. एका बाजूला तिच्यावर डिस्कच्या कडेचा वळ उमटला होता.

ॲल्युमिनियमचा हब आणि त्यावर पोलादी डिस्क, मध्ये खारी ओल. असं असलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि ही पापडी फुगते. माझी गाडी सात वर्षं मिठागरांच्या वाऱ्यात उघड्यावर उभी असते. जानेवारीत जुनी डिस्क काढली, बैठक न पुसता नवी तशीच वर आवळली. बैठकीवरच्या थोड्याशा खपलीने डिस्क एका बाजूला उचलली गेली, आणि बाहेरच्या कडेला तोच फरक वाढून दिसतो.

मग काकांनी ती डिस्क जाड काचेवर पालथी ठेवली आणि कडेखाली फट मोजायच्या फिलर गेजची ०.०५ मिमीची पात सगळीकडून सारून बघितली. कुठेच गेली नाही. डिस्क सरळ होती. वाकलेली नव्हतीच. मला तिथेच फार वाईट वाटलं.

पहाटस्वार
वाचून अंगावर आलं. पण मग जानेवारीत काय झालं होतं? तेव्हा तर जुनीच डिस्क होती.

मिठागरकाठ
माळ्यावरून आणलेली ती डिस्क काकांनी खिडकीजवळ उजेडात तिरकी धरली. तेव्हा दिसलं. एका जागी काळसर डाग, आकार हुबेहूब पॅडचा, पॅडच्या मधल्या खाचेसकट.

टूलरूमकाका
हे मी सांगतो. घाट उतरताना डिस्क आणि पॅड प्रचंड तापतात. गाडी थांबल्यावर लिव्हर दाबून धरला की तो तापलेला पॅड एकाच जागी चिकटून राहतो आणि त्याचा मसाला डिस्कवर उतरतो. तिथे पकड वेगळी होते, जाडीही केसभर वाढते, आणि पुढच्या प्रत्येक ब्रेकला तीच जागा जास्त तापते. लोक याला डिस्क वाकली म्हणतात. खरोखर वाकलेल्या डिस्क मी बघितल्या आहेत, पण त्या बहुतेक पडलेल्या गाड्यांच्या, किंवा पंक्चर काढताना चाक डिस्कच्या बाजूने जमिनीवर आपटलेल्या. पंक्चरवाल्याला चाक देताना डिस्क वरच्या बाजूला ठेवायला सांगा, हे मात्र विसरू नका.

घाटात गिअर खालचा ठेवा, इंजिनला गाडी धरू द्या. ब्रेक सतत घासत ठेवू नका. दाबा, वेग उतरवा, पूर्ण सोडा. आणि उतारावर थांबलात तर पुढचा सोडून मागच्या ब्रेकवर उभे राहा.

रानवाट
तो डाग काढता येतो?

मिठागरकाठ
काढला. १२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून दोन्ही बाजू तिरप्या-उलट तिरप्या घासल्या, अर्धा तास लागला. मग ब्रेक क्लीनरने पुसली. या डिस्कची किमान जाडी ३.५ आहे आणि ती निघाली ३.७२. आठ ठिकाणी मोजल्यावर फरक फक्त ०.०१. म्हणजे ४१ हजारांतले बहुतेक किलोमीटर चाललेली मूळ डिस्क आजही चांगली आहे, आणि मी तिच्या जागी नवी घेऊन नवीच बिघडवली.

हबची बैठक पितळी ब्रशने आणि मग बारीक पेपरने साफ केली, नुसत्या बैठकीवर गेज लावून बघितलं, ०.०४. जुनी डिस्क बसवली. नवे बोल्ट, थोडं थ्रेड लॉक, एक सोडून एक असे आळीपाळीने आवळले, शेवटी टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळायचा पाना) मॅन्युअलच्या आकड्याला. परत गेज. सुई जेमतेम हलली, ०.०९.

पिना पॉलिश करून नवे बूट टाकले. ग्रीस सिलिकॉनचंच लावायचं, साध्या ग्रीसने रबर फुगतं. पॅड नवे. ऑइलही बदललं, पहाटस्वार, कारण ते चहाच्या रंगाचं झालं होतं.

दहिसरकरीण
पॅड नवे टाकल्यावर काही करावं लागतं का? मला कुणी कधी सांगितलंच नाही.

टूलरूमकाका
हो ताई. रिकाम्या रस्त्यावर ताशी ५०-६० वरून २० पर्यंत, मध्यम दाबाने, पंधरा-वीस वेळा. पूर्ण थांबायचं नाही, आणि दोन वेळांच्या मध्ये थोडं चालवून थंड होऊ द्यायचं. यात पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो. पहिल्याच दिवशी कचकन थांबून उभं राहिलात तर पुन्हा डाग. आणि डिस्क किंवा पॅड आवाज करतात म्हणून त्यावर कुठलाही तेलकट स्प्रे मारू नका. दरवर्षी पावसाळ्याआधी कुणीतरी तसं करून पडतो. फोर्कचं ऑइल सील गळून पॅडवर तेल आलं असेल तर पॅड टाकून द्या, धुऊन ते परत येत नाहीत.

मिठागरकाठ
सोमवारी पहाटे साडेपाचला ऐरोली पुलाकडच्या रस्त्याला जाऊन हे केलं. पहिल्या चार-पाच वेळा खरखर आली, मग लिव्हर स्थिर. साठला हलकेच धरला, बोटांखाली काहीही नाही.

निळाधूर
काका, हे डायल गेज मिळतं कुठे? मलाही घ्यायचंय.

टूलरूमकाका
नागदेवी स्ट्रीट. मस्जिद स्टेशनला उतरून चालत जा. ०.०१ मिमीचं गेज आणि चुंबकी स्टँड दोन्ही तिथे मिळतात. दुकानातच सुई वर-खाली करून बघा, दर वेळी शून्यावर परत यायला हवी. नसेल घ्यायचं तर सायकलची स्पोक फोर्कला बांधून तिचं टोक डिस्कपाशी आणा आणि फट बघत चाक फिरवा. आकडा मिळणार नाही, पण डुलतेय का ते कळेल.

दहिसरकरीण
कळवायचं राहिलं होतं. ड्रम १३०.४ निघाला, लेथवर हलका कट घेतला, आता १३०.६ आहे. हुंदके बंद. कडेला अडकणारा ब्रेक कॅमही साफ करून ग्रीस लावून घेतला. काका, तुमचे उपकार.

रानवाट
मिठागरकाठ, पावसाळा संपला. कशी आहे गाडी? नवी बिघडलेली डिस्क काय केलीत?

मिठागरकाठ
काल काकांकडे जाऊन परत मोजलं. मधे २६०० किलोमीटर झाले, सगळे पावसातले. डिस्क ०.०९ ला होती, ०.१० आली. जाडीतला फरक तेवढाच, ०.०१. पिना बोटाने सरकतात. ती दुसरी डिस्क काकांच्या भिंतीवर टांगली आहे, पातळ जागेवर मार्करची खूण तशीच ठेवून. कुणी गाडी घेऊन आलं की ते आधी तिच्यावर मायक्रोमीटर लावायला शिकवतात.

बायको जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून परत मागे बसते. दिवाळीनंतर जुन्नरला जायचंय, माळशेजनेच.